बिडी ओढायची जागा

विमा कंपनीत तुम्ही नेमकं काय करत होतात, असं कुणी विचारलं की मी सांगते, "इमारत सांभाळत होते." विचारणाऱ्याचा चेहरा जरा पडतो. त्याला पॉलिसी, दावे, घोटाळे असलं काहीतरी ऐकायचं असतं. पण प्रत्येक मोठ्या कचेरीत एक खातं असं असतं, की ज्याच्या गळ्यात लिफ्ट, पाण्याची टाकी, जनरेटर, कुलपं, संडासांच्या कड्या आणि पार्किंगची भांडणं येतात. सगळं सुरळीत चाललं तर त्या खात्याची कुणाला आठवणही होत नाही. नोकरीची शेवटची बरीच वर्षं मी त्या खात्यात काढली आणि त्यातली चार जयपूरला.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. बढतीवर जयपूर मिळालं तेव्हा यांची नोकरी पुण्यात होती, म्हणून मी आणि माझी मुलगी मुग्धा अशा दोघीच बनी पार्कात भाड्याच्या घरात राहत होतो. तिला गोपालपुऱ्याला क्लास लावला होता. वर्षभरात तिच्या मराठीत 'मतलब' शिरला आणि माझ्या हिंदीत सातारा. कचेरीतले लोक माझं हिंदी ऐकून आधी गोंधळत, मग हसत, आणि मग काम करत. काम होत होतं, तेव्हा मी काही सुधारायच्या भानगडीत पडले नाही.

जयपूरची इमारत सांभाळायची म्हणजे माकडं सांभाळायची, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. एका उन्हाळ्यात त्यांनी गच्चीवरच्या टाकीचं झाकण काढून आत आंघोळी केल्या, आणि ते पाणी दुपारपर्यंत सगळ्या कचेरीने चहातून प्यायलं. मी ते कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

पण माकडांपेक्षाही जास्त डोक्याला ताप मला दिला तो धुराने. आगीसाठी टांगलेल्या लाल बादल्यांत वाळू कमी आणि थोटकं जास्त. कुंड्यांत थोटकं, खिडकीच्या खाचेत थोटकं. तिसऱ्या मजल्यावरचे एक विकास अधिकारी संडासात सिगारेट ओढायचे आणि बाहेर येऊन मलाच विचारायचे, "मॅडम, इथे कुणीतरी सिगारेट ओढतं, तुमचं लक्ष कुठे असतं?" त्यांच्या मिशांतून तेव्हा धूर निघत असायचा. आमचे मुख्य अधिकारी चतुर्वेदीसाहेब केबिनची खिडकी उघडून ओढत, म्हणजे त्यांच्या मते ते बाहेरच ओढत.

मग २००८ साली गांधीजयंतीपासून देशभर नियम लागू झाला. कुठल्याही कचेरीत आत धूम्रपान करायचं नाही, केलं तर दंड. मी मजल्यामजल्यावर पाट्या लावल्या. साहेबांच्या केबिनबाहेरची पाटी तर मी स्वतः उभी राहून ठोकून घेतली. चारच दिवसांत आतली हवा साफ झाली आणि मी स्वतःवर खूश झाले.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना वाटेल, झालं की मग. तसं नसतं. माणसाला बाहेर काढलं की तो दार ओलांडतो आणि तिथेच थांबतो. त्याला काम सोडून लांब जायचं नसतं. शिवाय बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला सावली लागते आणि बोलायला माणूस लागतो. हे दोन्ही जिथे मिळेल तिथे तो उभा राहतो, पाटी तुम्ही कुठेही लावा. आमच्या इमारतीत हे दोन्ही मिळायचं ते नेमकं मुख्य दारासमोरच्या पोर्चमध्ये. म्हणजे जो धूर आधी चार मजल्यांवर वाटला गेला होता, तो आता एका दारात गोळा झाला.

दाराच्या आत लगेच दाव्यांचा विभाग होता. एका सकाळी एक बाई नवऱ्याच्या मृत्यूच्या दाव्यासाठी आली. डोक्यावर ओढणी, कडेवर दम्याचं पोर. पोर्चमधल्या गर्दीतून वाट काढून ती आत येईपर्यंत ते मूल खोकून खोकून काळंनिळं पडलं. मी त्याला उचलून मागच्या दाराने मोकळ्यावर पळाले. मूल सावरलं. त्या दिवशी मी चतुर्वेदीसाहेबांना जाऊन सांगितलं, "मला एक जागा द्या. दारापासून लांब. सगळ्यांची एकच."

साहेबांनी तीही जबाबदारी आनंदाने माझ्यावर टाकली. मागच्या अंगणात सायकल स्टँडच्या पलीकडे एक मोठा कडुलिंब होता. त्याच्याखाली मी पत्र्याचं छप्पर घातलं, सिमेंटचा लांब बाक बांधून घेतला, वाळूची पेटी ठेवली आणि पाटी लावली, 'धूम्रपान केवल यहाँ'. आता कचेरीतला साहेब असो की झाडूवाला, ओढायचं तर त्या एकाच बाकावर. मला त्या 'एकाच'चा फार अभिमान होता. दुसऱ्या कचेऱ्यांतले लोक येऊन बघून गेले. एकाने फोटोही काढला.

इथे मला दोन माणसांची ओळख करून दिली पाहिजे.

फाटकावर भंवरलालजी होते. सैन्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे सुरक्षारक्षक म्हणून लागलेले, काठीसारखे ताठ. पन्नाशीही आली नव्हती, पण त्यांच्या वागण्यामुळे साहेबांपासून सगळे त्यांना 'जी' लावत. ते फार बोलत नसत. आणि दुसरा आमचा लिफ्टमन रामनिवास. हा हसरा, बोलका, दिवसभर वर-खाली करताना प्रत्येकाच्या घरची खबर ठेवणारा. त्याच्या मुलीचं, सुमनचं, लग्न ठरलं होतं. आखातीजेला, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेला, लग्न होतं, आणि लिफ्टमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाला तो ते सांगत असे. मला तर आठवड्यातून दोनदा सांगायचा. मुलगी बी.ए. करत होती, मुलगा शाळेत मास्तर होता, हुंडा मागितला नव्हता. "ऐसा रिश्ता भाग से मिलता है, मैडमजी," असं म्हणून तो आकाशाकडे, म्हणजे लिफ्टच्या छताकडे, हात जोडायचा.

दोघंही जयपूरपासून बसने दोनेक तासांवरच्या एकाच गावचे आणि एकाच बिरादरीचे, म्हणजे एकाच जातीचे. कचेरीतले आणखी काही शिपाई, माळी वगैरे त्याच पट्ट्यातले. एकाने दुसऱ्याला चिकटवायचं, अशी ती भरती झालेली होती.

बाक बांधून झाल्यावर पहिले काही दिवस सगळं छान चाललं. मग माझ्या लक्षात यायला लागलं की भंवरलालजी बाकावर जाऊन बसले की तिथे दुसरं कुणी जात नाही. शिपाई, माळी हे सायकल स्टँडपाशी न पेटवलेली बिडी बोटांत धरून उभे राहत. भंवरलालजी उठून फाटकावर गेले की मग हे जात. थंडीचे दिवस, उन्हात उभं राहायला बरं वाटत असेल, अशी मी समजूत घातली. काही जण मात्र कंटाळून पुन्हा पोर्चमध्ये ओढायला लागले. हे मला चालण्यासारखं नव्हतं. दम्याचं ते पोर माझ्या डोळ्यांसमोरून हललं नव्हतं.

त्या पोर्चवाल्यांत रामनिवास होता. मी त्याला खडसावलं. "बाक कशाला बांधलाय? तिथे जा, नाहीतर सोडून द्या."

"जाऊंगा मैडमजी," तो म्हणाला. "जरा भीड़ कम हो जाए."

"बाकावर एक माणूस बसलाय. त्याला तुम्ही भीड़ म्हणता?"

तो नुसता हसला. नेहमीसारखा, लिफ्टमधला हसला. मला त्या हसण्यात काही दिसलं नाही, आणि कसं दिसणार होतं ते अजूनही मला सांगता येत नाही.

जानेवारीत तिकडे एखाद-दुसरा पाऊस पडतो. त्याला मावठ म्हणतात, हरभऱ्याला फार चांगला. तशा एका दुपारी पाऊस आला आणि मागच्या अंगणातले सगळे छपराखाली शिरले. पोर्चमध्ये मी उभी होते, त्यामुळे तिकडे जायची सोय नव्हती. मी थोड्या वेळाने मागच्या खिडकीतून पाहिलं. भंवरलालजी बाकाच्या एका टोकाला, पेटलेली बिडी हातात. बाकीचे दुसऱ्या टोकाला चिकटून उभे. रामनिवास काड्या ओढत होता आणि त्या सर्दावल्यामुळे पेटत नव्हत्या. त्याने एक टाकली, दुसरी टाकली. भंवरलालजींनी आपली बिडी पुढे धरली. रामनिवास क्षणभर थांबला, मग वाकला आणि तिच्यावर आपली पेटवून घेतली. दोघंही हसले.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी टेबलाशी परत येऊन शेजारच्या बाईंना म्हटलं, "बघा, जमायला लागलं सगळ्यांचं." त्या बाई जयपूरच्याच होत्या, पण शहरातल्या. त्याही म्हणाल्या, "अच्छा है."

त्यानंतर आठवड्याभरात रामनिवास रजेवर गेला आणि रजा वाढवत राहिला. परत आला तेव्हा ओळखू येईना. दाढी वाढलेली, डोळे खाली. मजला सांगायचा, दार ओढायचा, बस्स. मी सुमनबद्दल विचारलं तर म्हणाला, "ठीक है." मला वाटलं, घरात कुणी आजारी असेल.

खातीपुऱ्याला आमचं जुन्या कागदांचं गोदाम होतं, तिथे वाळवी लागल्याची तक्रार आली म्हणून मी एका सकाळी गाडीने निघाले. ड्रायव्हर होता कजोड. तो त्याच गावचा, पण दुसऱ्या बिरादरीचा. त्यामुळे त्याला सगळं माहीत होतं आणि त्याचं काही अडलं नव्हतं. गाडीत मी सहज विचारलं, "रामनिवासचं काय बिनसलंय?"

कजोडने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मैडमजी, आपको नहीं पता? उसका हुक्का-पानी बंद हो गया. सगाई भी टूट गई छोरी की."

हुक्का-पानी बंद. आपल्याकडे ज्याला वाळीत टाकणं म्हणतात ते. आपण हा शब्द वापरतो तो थट्टेत, नणंद-भावजयींच्या रुसव्यात. मीही गाडीत हसूनच विचारलं, "का, काय केलं त्याने?"

"बीड़ी सुलगाई. भंवरलाल की बीड़ी से."

मला काही कळेना. त्याने मग गाडी चालवता चालवता शांतपणे सांगितलं, एखाद्या रस्त्याची माहिती द्यावी तसं. भंवरलालजींचे वडील वारले, त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. गावच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी बाराव्याला आसपासच्या गावांना मृत्युभोज घालायला हवा होता. तो घालायचा नाही असा राजस्थानात कायदाच आहे, कितीतरी जुना. पण घालतात सगळे. भंवरलालजी फौजेतले. ते पंचायतीत उभं राहून म्हणाले, कायदा आहे, मी घालणार नाही. पंचांनी त्यांचं हुक्का-पाणी बंद केलं. म्हणजे बिरादरीतल्या कुणी त्यांच्याबरोबर हुक्का ओढायचा नाही, बिडी ओढायची नाही, काडी घ्यायची-द्यायची नाही, पाणी प्यायचं नाही. जो तसं करेल तोही बाहेर. तिकडे माणूस आपल्यात आहे की नाही, हे तो कुणाबरोबर धूर ओढतो त्यावरून ठरतं. आणि छपराखाली त्या दिवशी बिरादरीचेच लोक उभे होते. संध्याकाळच्या बसने बातमी गावात.

"पण इतके दिवस तर ते सगळे इथेच कामाला होते," मी म्हटलं.

"तब सब अलग-अलग पीते थे ना," कजोड म्हणाला. "कोई गेट पे, कोई सीढ़ी पे, कोई गाड़ी के पीछे. किसी को किसी से मतलब नहीं. बेंच तो अब बनी है."

जी पांगापांग मला बेशिस्त वाटत होती, तिच्या आधाराने ही माणसं कशीबशी निभावून नेत होती. आणि मी ती झाडून एका बाकावर आणली होती, वर पाटी लावून. गोदामात वाळवी कुठे होती ते मी पाहिलं की नाही, मला आठवत नाही.

रात्री जेवताना मुग्धाला सांगितलं. घास हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली. "आई, मतलब, त्यांनी फक्त बिडी पेटवून घेतली? आणि त्या दीदीचं लग्न मोडलं?"

"हो."

"पण हे आत्ता झालं? मतलब, इथे?"

मुग्धाच्या क्लासपासून आमची कचेरी अर्ध्या तासावर, आणि रामनिवासचं गाव दोन तासांवर. सगळं इथेच होतं.

दुसऱ्या दिवशी रामनिवासला मी बोलावून घेतलं. दार लावलं. मी त्याला काही समजावायच्या आतच तो म्हणाला, "आपकी गलती नहीं, मैडमजी. वो और मैं एक टाट पे बैठके पढ़े हैं. उसने बीड़ी आगे की. सबके सामने मुँह कैसे फेर लेता?" मग तो घरचं सांगायला लागला. सुमनच्या होणाऱ्या सासरचे लोक येऊन साखरपुड्याचा नारळ परत देऊन गेले होते. गावातली चक्की त्यांचं दळण घेत नव्हती. आजारी आईला बघायला शेजारीण येत नव्हती. सुमन कॉलेजात जायची थांबली होती आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची. हे सांगताना तो माझ्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत होता. मी त्याच्या हातावर हात ठेवला. याहून जास्त काय करायचं, ते मला कळत नव्हतं.

मी चतुर्वेदीसाहेबांकडे गेले. मला वाटलं होतं ते चिडतील, पोलिसांत जाऊ म्हणतील, निदान खुर्चीवरून उठतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यहाँ तो ये सब चलता है, मैडम. आप महाराष्ट्र से हैं, आपको नया लगता है." आपल्याकडे असलं काही नाही, असं मी म्हणणार होते. पण मग साताऱ्याकडच्या काही गोष्टी आठवल्या आणि गप्प बसले.

पुढच्याच आठवड्यात पंच स्वतः कचेरीत आले. साफे बांधलेले म्हातारे, हातात काठ्या, अतिशय अदबीने वागणारे. फाटकावर भंवरलालजी ड्यूटीवर होते. त्यांनी नियमाप्रमाणे सलाम केला, नावं विचारली आणि फाटक उघडलं. म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. फाटक आपोआप उघडल्यासारखे ते आत आले. मी हे पोर्चमधून बघत होते.

"राम राम सा," त्यांच्यातले सगळ्यात वयस्कर पंच म्हणाले. मी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं, साहेबांनाही बोलावलं. ते मला 'बाईसा' म्हणत होते, आणि आवाज इतका मऊ, की माझे एखादे काका बोलावेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. रामनिवास चांगला माणूस आहे. त्याची पोर आमचीही पोर आहे. त्याने बिरादरीची माफी मागितली की सासरच्यांना आम्ही सांगू, लग्न ठरल्या दिवशी होईल. पण तो इथे रोज त्या माणसाच्या बाकावर बसणार असेल, तर माफीला काय अर्थ?

"म्हणजे तुम्हाला काय हवंय?" मी विचारलं.

"कुछ नहीं, बाईसा. उसकी बेंच अलग कर दो. एक ईंट उधर, एक इधर. बस."

मी हबकले. वेगळी जागा. ज्याला त्यांनी टाकला होता, त्याला आमच्या कचेरीनेही टाकायचा, आमच्या विटांनी, आमच्या पाटीखाली. आणि बदल्यात सुमनचं लग्न. हे सगळं ते पाण्याचे घोट घेत, हसून सांगत होते. माझं विचारायचं राहून गेलं की ह्या माणसाने गुन्हा काय केला, कायदा पाळला एवढाच ना? खरं म्हणजे राहून गेलं नाही. मी घाबरले होते. माझ्या एका वाक्यावर कुणाच्या तरी पोरीचं लग्न टांगलेलं होतं.

"कर दीजिए," त्यांना पोचवून परत आल्यावर साहेब म्हणाले. "एक बेंच ही तो है. सिमेंट मंज़ूर कर देता हूँ."

मी रात्रभर तळमळले आणि सकाळी मला उपाय सापडला. बाकच काढून टाकायचा. सगळं आवार धूम्रपानमुक्त करायचं, फाटकाच्या आत कुणीच ओढायचं नाही. मग कोण कुणाबरोबर बसला, हा प्रश्नच उरत नाही. वेगळी जागा नाही आणि एक जागाही नाही. ज्याला ओढायची आहे त्याने रस्त्यावर जावं, पाहिजे त्या दिशेला. नियमाच्या एक पाऊल पुढे गेल्याबद्दल साहेबांना वरून शाबासकी मिळण्यासारखी होती, त्यामुळे त्यांनी लगेच सही केली. गवंड्याने दुपारपर्यंत बाक फोडला. मी खिडकीतून बघत होते आणि मनात स्वतःलाच म्हणत होते, पेठकरबाई, तुम्हाला मानलं.

आणि जमलं की सगळं. रामनिवासने पंचायतीत पगडी उतरवून माफी मागितली. नारळ परत आला. आखातीजेच्या आधी दोन दिवस भंवरलालजी माझ्या टेबलाशी आले, हातात कागदात गुंडाळलेली साडी. लाल चुनरीची. "छोरी के लिए है," ते म्हणाले. "आप अपने नाम से दे देना." माझं नाव सांगून ती साडी द्यायला मला लाज वाटत होती, पण दुसऱ्या कुठल्या नावाने ती त्या घरात गेली नसती.

मुग्धा आणि मी कजोडबरोबर लग्नाला गेलो. सुमन लहानखुरी, मोठ्या डोळ्यांची. मेंदीच्या हातांनी तिने माझे दोन्ही हात धरले आणि सोडेचना. अंगणात पुरुषांच्या बैठकीत हुक्का फिरत होता आणि रामनिवास त्यांच्या मधोमध बसला होता, नवी पगडी घालून. त्याच्यापाशी नळी आली तेव्हा सगळे क्षणभर त्याच्याकडे बघत होते. त्याने झुरका घेतला आणि गप्पा पुन्हा सुरू झाल्या. परत येताना गाडीत मुग्धा म्हणाली, "आई, तू भारी आहेस." मी ते मान्य करून टाकलं.

पुढे मे महिन्यात एका सकाळी मी लवकर कचेरीत आले. आमची लिफ्ट जुन्या पद्धतीची होती, लोखंडी जाळीच्या दाराची. जिना तिलाच वळसा घालून वर जायचा, त्यामुळे आतून जिना दिसायचा आणि जिन्यावरून लिफ्ट. रात्रपाळीचा रक्षक गेला की रोख विभागाच्या किल्ल्या चौथ्या मजल्यावर पोचवायचं काम भंवरलालजींचं. ते कुणामार्फत करता येत नसे. मी लिफ्टमध्ये शिरले आणि मागून ते किल्ल्यांचा जुडगा घेऊन येताना दिसले. उन्हाळा सुरू झाल्यापासून त्यांना धाप लागायला लागली होती, चालताना थांबत थांबत येत होते.

रामनिवासने त्यांना पाहिलं आणि जाळीचं दार ओढलं.

"थांबा," मी म्हटलं. "भंवरलालजी येतायत."

तो थांबला नाही. दार लागलं. भंवरलालजी जाळीपाशी येऊन उभे राहिले, एका हाताच्या अंतरावर. रामनिवासने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पंचांनी फाटकावर पाहिलं नव्हतं, अगदी तसं. शाळेत एका तरटावर बसून शिकलेला माणूस समोर धापा टाकत उभा होता, आणि हा बटणांकडे बघत होता.

इथे तर बिडी नव्हती, काडी नव्हती, बाक नव्हता. मग माझा पारा चढला. मी दाराच्या मुठीवर हात ठेवला. "रामनिवासजी, दार उघडा. ही कचेरीची लिफ्ट आहे. मी सांगते आहे, उघडा."

तो हलला नाही.

"रहने दीजिए, मैडमजी," जाळीच्या पलीकडून भंवरलालजी म्हणाले. चिडून नाही, एखाद्या लहान मुलाची समजूत घालावी तसे. "मैंने ही मना किया है इसको, मुझसे वास्ता न रखे. छोरी अब ससुराल में है, उन्हीं के हाथ में."

मी मुठीवरचा हात काढला. लिफ्ट वर निघाली. पहिल्या मजल्यापर्यंत ते मला जाळीतून दिसत होते, कठडा धरून एकेक पायरी चढताना. रामनिवास भिंतीकडे तोंड करून रडत होता, आणि लिफ्ट त्याने कुठेही थांबवली नाही.